स्क्रायबस १.६ : मराठी पाने थेट प्लेटपर्यंत

स्क्रायबस हे पाने लावायचे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालते. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांच्या तोंडी त्याचे नाव क्वचितच येते आणि त्याला सबळ कारण होते. १.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसतच नव्हती. जोडाक्षरे फुटायची, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडायची. १.५ च्या मालिकेत अक्षरजुळणीचे इंजिनच बदलले आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. आता युनिकोड मराठी मजकूर सरळ आत घेऊन, पाने लावून, प्रेसला चालेल अशी पीडीएफ काढता येते.

निकाल आधीच सांगून टाकतो. पत्रक, माहितीपुस्तिका, कवितासंग्रह, पुस्तकाचे मुखपृष्ठ, साठ-सत्तर पानांचे मासिक किंवा छोटा दिवाळी अंक, या कामांसाठी स्क्रायबस बिनधास्त वापरावे. चारशे पानांचा, तळटीपा आणि तक्ते असलेला ग्रंथ त्यात लावायला घेऊ नये. पीडीएफच्या गुणवत्तेत मात्र ते महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीस तोड आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्क्रायबस काहीही परस्पर ठरवत नाही. ब्लीड किती, प्रोफाइल कोणते, काळा ओव्हरप्रिंट की नॉकआउट, स्पॉट कलर की फोर कलर, हे सगळे ते तुम्हालाच विचारते. प्रेसची भाषा येत असेल तर हे वरदान आहे. येत नसेल तर चुकीच्या जागी राहून गेलेली एक टिक अख्खी आवृत्ती बिघडवते. म्हणून या परीक्षणात सॉफ्टवेअरबरोबर ते शब्दही घेतले आहेत.

पान उघडताना

'न्यू डॉक्युमेंट'च्या खिडकीत आकार, समास आणि ब्लीड एकाच वेळी ठरते. मराठी पुस्तकाचा नेहमीचा डेमी आकार म्हणजे ५.५ × ८.५ इंच. स्क्रायबसच्या यादीत तो शोधत बसू नका. 'कस्टम' निवडून १३९.७ × २१५.९ मिमी हे आकडे स्वतः टाका. हा आकार कागदावरून आला आहे. २३ × ३६ इंचाच्या शीटचे अर्धे म्हणजे १८ × २३. त्याच्या एका बाजूला ८ आणि दोन्ही बाजूंना मिळून १६ पाने बसतात. हाच तो सोळापानी फॉर्म. म्हणून पुस्तकाची पाने १६ च्या पटीत बसवली तर कागद वाया जात नाही. १६४ पानांचे पुस्तक १६० वर आणता आले तर पैसे वाचतात. तेच १७० झाले तर शेवटच्या तुकड्यासाठी वेगळी प्लेट (छपाईचा पत्रा), वेगळी मांडणी आणि बाइंडरची वेगळी घडी.

कागदाचा हिशेब इथेच करून घ्या. इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम), भागिले ३१००, म्हणजे ५०० शीटच्या रिमचे किलोतले वजन. २३ × ३६ मध्ये ७० जीएसएम मॅपलिथोचा (पुस्तकांच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदाचा) रिम साधारण १८.७ किलो भरतो. कागदवाल्याने 'अठरा-सातशे' म्हटले की तो जीएसएम नाही, रिमचे वजन सांगतो आहे, हे कळायला हवे. दोन आकारांच्या शीटमध्ये तेच वजन असले तरी जीएसएम वेगळा असतो, आणि कागद पातळ निघाल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

ब्लीड म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र किंवा रंग. कटिंगचे ब्लेड अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे जातेच. चित्र कापरेषेवरच थांबले असेल तर कडेला पांढरी कोर दिसते. ३ मिमी पुरेसे आहे. स्क्रायबसमध्ये ते दोन ठिकाणी सांगावे लागते आणि नवखे लोक फसतात ते नेमके इथेच. दस्तऐवज उघडताना ब्लीड भरले म्हणजे ते पीडीएफमध्ये गेले असे नाही. एक्स्पोर्ट करताना 'प्री-प्रेस' टॅबमध्ये 'यूज डॉक्युमेंट ब्लीड्स' या चौकटीत टिक करावी लागते. ती राहिली तर पडद्यावर सगळे छान दिसते, पीडीएफ मात्र कापून येते. खात्री करायची सोपी रीत: डेमीच्या एका पानाची पीडीएफ चारही बाजूंच्या ब्लीडसह १४५.७ × २२१.९ मिमी भरली पाहिजे. क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) घातले असतील तर त्याहून मोठी. नेमकी १३९.७ × २१५.९ दाखवत असेल तर परत जा.

ब्लीडच्या उलट बाजूला सुरक्षित जागा. पानक्रमांक, लोगो, मजकूर कापरेषेच्या ५ मिमी आत ठेवा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठीकडून दोन-तीन मिमी घासून सरस लावतात आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. म्हणून आतला समास १८ ते २० मिमी हवा. सेंटर पिनच्या (मधोमध पिन मारलेल्या) अंकात तो थोडा कमी चालतो, पण तिथे क्रीप येते. एकात एक घातलेल्या शीटमुळे मधली पाने बाहेर सरकतात. ६४ पानांच्या अंकात एकात एक १६ शीट असतात. साधारण ०.०९ मिमी जाडीच्या कागदाला मधले पान जवळजवळ दीड मिमी बाहेर येते आणि तेवढेच कापले जाते. अशा अंकात पानाच्या बाहेरच्या कडेला बारीक चौकट काढू नये. पहिल्या पानावर ती सरळ दिसते, मधल्या पानावर कडेला चिकटते.

इम्पोझिशन, म्हणजे प्लेटवर पाने उलटसुलट लावून घडी घातल्यावर क्रमाने येतील अशी मांडणी, स्क्रायबसमध्ये नाही. हा दोष मानायचे कारण नाही. सीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट बनवणाऱ्याकडे, त्याचे स्वतंत्र सॉफ्टवेअर असते आणि मशीनचा ग्रिपर (कागद पकडायला सोडायची कड) किती हे त्यालाच ठाऊक असते. तुम्ही सुटी पाने क्रमाने द्या. जोडपाने लावून दिलेली पीडीएफ प्रेसवाल्याला पुन्हा तोडावी लागते.

मराठी मजकूर

जुन्या फाँटमधला मजकूर स्क्रायबसमध्ये थेट उपयोगी नाही. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेले मॅटर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागते. परिवर्तकातून मजकूर गेला की काही ठिकाणे डोळ्यांत तेल घालून तपासा: रफार (विशेषतः 'र्य' आणि 'ऱ्य' यांची अदलाबदल), 'ष्ट्र', 'द्ध' आणि 'ध्द', अनुस्वार आणि काना यांचा क्रम, आणि अवतरणचिन्हे. 'सुऱ्या'चे 'सुर्या' झालेले शब्दतपासणीला दर वेळी सापडत नाही, वाचकाला मात्र लगेच दिसते.

फाँटच्या बाबतीत स्क्रायबस कडक आहे आणि ते चांगलेच आहे. इथे 'बी' आणि 'आय'ची बटणे नाहीत. फाँटची ठळक फाइल बसवलेली असेल तरच ठळक अक्षर मिळते. खोटा ठळकपणा, म्हणजे अक्षराभोवती रेघ ओढून जाड केलेले रूप, मिळत नाही. त्या खोट्या ठळकपणामुळे मॅपलिथोवर 'श', 'क्ष' आणि 'ण' यांच्या पोटातली जागा शाईने भरते. मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात जी रूपे प्रमाण धरली तीच ही. आयआयटी मुंबईची शोभिकाही पुस्तकी मजकुराला शोभते. मथळे, चौकटी, तक्ते यांना मुंबईच्या एक टाइपचा मुक्त चांगला, त्यात सात जाड्या आहेत. तिन्ही मोफत. व्हेरिएबल प्रकारचा (सगळ्या जाड्या एकाच फाइलीत असलेला) फाँट मात्र टाळा, प्रत्येक जाडीची सुटी फाइल घ्या. नवा फाँट बसवल्यावर स्क्रायबस बंद करून पुन्हा उघडावे लागते.

ओळींमधले अंतर ठरावीक ठेवा. देवनागरीला वर रफार, मात्रा आणि खाली उकार असल्याने १२ पॉइंटला १७ ते १८ पॉइंट लागते. 'ऑटोमॅटिक' ठेवले तर फाँटच्या आतल्या मापांवर अंतर ठरते आणि मध्येच इंग्रजी शब्द आला की ओळ उड्या मारते. आणखी एक जागा फारशी कोणी उघडून पाहत नाही: मजकूरचौकटीच्या गुणधर्मांतला 'फर्स्ट लाइन ऑफसेट'. तो 'मॅक्झिमम असेंट'वर असेल तर पहिल्या ओळीत कोणती अक्षरे आली यावर तिची जागा ठरते. डाव्या स्तंभात 'की' आणि उजव्या स्तंभात 'पण' आला तर दोन स्तंभांच्या ओळी समोरासमोर येत नाहीत. 'लाइन स्पेसिंग' किंवा 'बेसलाइन ग्रिड' (ओळी बसवायच्या समान अंतराच्या रेषा) निवडा, की दोन्ही स्तंभ एका रेषेत बसतात. पातळ कागदावर मागच्या पानाच्या ओळी पुढे झिरपून दिसतात. त्या ओळीवर ओळ पडाव्यात म्हणूनही ग्रिड लागतो.

अक्षरांमधले अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, मराठीला देऊ नये. शिरोरेषा तुटते. मथळा पसरवायचा असेल तर शब्दांमधली जागा वाढवा किंवा मोठी जाडी वापरा. दोन्ही कडा जुळवलेल्या अरुंद स्तंभात शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. 'महाराष्ट्रातल्यांसाठीसुद्धा' असा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरची ओळ उसवते. परिच्छेदाच्या शैलीत 'ग्लिफ एक्स्टेन्शन' नावाची सोय आहे. तिने अक्षरांची रुंदी किंचित कमी-जास्त करता येते. ९८ ते १०२ टक्क्यांच्या आत राहा. त्यापलीकडे अक्षरे चेपलेली दिसतात. ५५ मिमीपेक्षा अरुंद स्तंभ असेल तर डावी कड जुळवून उजवी मोकळी सोडणे हेच बरे.

अॅडोबीच्या इनडिझाइन या पाने लावायच्या सॉफ्टवेअरशी तुलना थोडक्यात: तिथे 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' मुद्दाम निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात. इथे काही निवडावे लागत नाही.

रंग

कलर मॅनेजमेंट मुळात बंद असते. ते चालू केल्याशिवाय एक्स्पोर्टच्या यादीत पीडीएफ/एक्सचे (छपाईसाठी ठरलेल्या पीडीएफचे) पर्यायच उमटत नाहीत, आणि 'माझ्या स्क्रायबसमध्ये ते नाहीतच' ही समजूत इथून येते. आयसीसी प्रोफाइल म्हणजे ठरावीक शाई आणि ठरावीक कागदावर सीएमवायकेच्या (सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या) आकड्यांतून कोणता रंग निघतो त्याचा तक्ता. ईसीआय या युरोपीय संस्थेची प्रोफाइल मोफत मिळतात. आर्ट पेपरला (गुळगुळीत, चकचकीत कागदाला) 'आयएसओ कोटेड व्ही२ ३००%', मॅपलिथोला 'पीएसओ अनकोटेड' घ्या. प्रेसने स्वतःचे प्रोफाइल दिले तर तेच वापरा.

नावातले ३०० म्हणजे शाईची एकूण मर्यादा. सी, एम, वाय आणि के यांची टक्केवारी मिळून एका बिंदूवर ३०० च्या वर जाऊ नये. मॅपलिथोवर २६० ते २८०, न्यूजप्रिंटवर २४०. त्याहून जास्त शाई पडली की ती वाळत नाही. थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला लागते, त्याला सेट-ऑफ म्हणतात. बाइंडरकडे गेलेली पाने एकमेकांना चिकटतात. गडद फोटो, रात्रीचे दृश्य, काळ्या पार्श्वभूमीचे मुखपृष्ठ ही याची नेहमीची ठिकाणे.

'आउटपुट प्रिव्ह्यू' ही स्क्रायबसची सर्वांत मोलाची सोय आहे. त्यात चारही प्लेट सुट्या करून पाहता येतात आणि 'इंक कव्हरेज' चालू करून मर्यादा घातली की ती ओलांडणारी जागा वेगळी उठून दिसते. मोफत पीडीएफ वाचकात हे पाहता येत नाही. यासाठी घोस्टस्क्रिप्ट हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर आधी बसवावे लागते. ते नसेल तर प्रिव्ह्यू चालत नाही, बारकोडही तयार होत नाही.

काळ्या मजकुराच्या प्लेट पाहण्यासाठी तरी हा प्रिव्ह्यू रोज उघडावा. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर हवा. स्क्रायबसच्या रंगयादीत 'ब्लॅक', 'रिच ब्लॅक', 'वॉर्म ब्लॅक', 'कूल ब्लॅक' आणि 'रजिस्ट्रेशन' असे पाच काळे दिसतात. पडद्यावर ते सारखेच. 'ब्लॅक' म्हणजे के १०० टक्के, मजकुराला हाच. 'रिच ब्लॅक' म्हणजे काळ्याखाली इतर शाया. मुखपृष्ठावरच्या मोठ्या काळ्या पट्ट्याला तो लागतो, नाहीतर नुसता के १०० राखाडी दिसतो. पण तोच ११ पॉइंटच्या मजकुराला दिला की चार प्लेट केसभर सरकताच प्रत्येक अक्षराला निळी-लाल किनार येते. 'रजिस्ट्रेशन' तर फक्त खुणांसाठी असतो. तो प्रत्येक प्लेटवर पूर्ण उमटतो, म्हणजे ४०० टक्के शाई. त्यात मजकूर लावला तर कागद ओला होईल.

ओव्हरप्रिंट आणि नॉकआउट हेही इथेच येते. पिवळ्या पट्टीवर काळे अक्षर असेल तर नॉकआउटमध्ये पिवळ्यातून अक्षराच्या आकाराचे भोक पडते आणि काळे त्यात बसवावे लागते. प्लेट जरा सरकली की पांढरी फट. ओव्हरप्रिंटमध्ये काळे सरळ पिवळ्यावर छापले जाते, फट येतच नाही. स्क्रायबसमध्ये मुळात नॉकआउट असते. रंगाच्या पट्टीवरच्या काळ्या मजकुराला 'कलर्स'च्या विभागात जाऊन ओव्हरप्रिंट द्या. उलट, पांढऱ्या रंगाला चुकून ओव्हरप्रिंट लागले तर तो छपाईत नाहीसा होतो, कारण पांढरी शाई नसतेच.

गडद चौरंगी पार्श्वभूमीवर पांढरे मराठी अक्षर ९ पॉइंटपेक्षा लहान आणि बारीक जाडीचे ठेवू नये. वेलांटीचा बारीक सांधा, अनुस्वाराचा ठिपका आणि 'ष'च्या पोटातली रेघ शाईने भरते.

भगव्याचे सांगायलाच हवे. पडद्यावरचा झगझगीत भगवा चार शायांत येत नाही. एम ६० आणि वाय १०० च्या आसपास जे मिळते ते पडद्याच्या मानाने मंद असते. पडद्याची झळाळी देण्यासाठी मॅजेंटा वाढवला तर तो विटकरीकडे जातो. खरोखर उठावदार हवा असेल तर स्पॉट कलर, म्हणजे वेगळी कालवलेली शाई आणि तिची पाचवी प्लेट लागते. पँटोन ऑरेंज ०२१ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. स्क्रायबससोबत पँटोनची रंगयादी येत नाही, ती परवान्याखाली असते. अडचण मोठी नाही. नवा रंग तयार करा, त्याला प्रेस वापरते तेच नाव द्या, 'स्पॉट कलर'वर टिक करा. पडद्यावर कोणता दिसतो याला महत्त्व नाही, मशीनवाला शाई डब्यातून घेतो. नाव मात्र सगळीकडे एकच हवे. मुखपृष्ठाच्या चित्रात एक स्पेलिंग आणि स्क्रायबसमध्ये दुसरे असले की पाच प्लेटऐवजी सहा निघतात.

स्पॉट यूव्ही (ठरावीक भागावरचा चकाकता लेप) आणि डायच्या (आकारात कापण्याच्या) रेषेलाही हीच रीत. 'यूव्ही' नावाचा स्पॉट रंग करा, चकाकणारा भाग त्यात १०० टक्के भरा आणि त्याला ओव्हरप्रिंट द्या. ओव्हरप्रिंट विसरलात तर यूव्हीखालचे चित्रच कापले जाते.

चित्रे

चित्र स्क्रायबसच्या फाइलमध्ये साठत नाही, त्याचा फक्त पत्ता राहतो. फोल्डरचे नाव बदलले की चित्र हरवते. म्हणून आधी एका फोल्डरात सगळे आणा, मग पाने लावा.

पीपीआय हा चित्राच्या दर इंचातल्या ठिपक्यांचा आकडा, एलपीआय हा छपाईच्या जाळीतल्या दर इंचातल्या ओळींचा. न्यूजप्रिंटवर ८५ ते १००, मॅपलिथोवर १३३, आर्ट पेपरवर १५० ते १७५ एलपीआय. चित्र त्याच्या दीडपट ते दुप्पट पीपीआयचे लागते, त्यातूनच ३०० चा नियम आला. आकडा छापील आकाराला धरून असतो. ३००० ठिपक्यांचा फोटो ३०० पीपीआयने १० इंच छापता येतो. तोच २० इंच ताणला की १५० उरतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेले चित्र १६०० ठिपक्यांच्या आसपास आकसलेले असते, म्हणजे सव्वापाच इंच. लेखकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. रेखाचित्र आणि सही १२०० पीपीआयने स्कॅन करा, नाहीतर कडा दातेरी येतात.

प्रत्यक्ष उरलेला पीपीआय चित्राच्या गुणधर्मांत दिसतो. एक्स्पोर्टआधी 'प्रीफ्लाइट व्हेरिफायर' आपोआप चालतो आणि कमी पीपीआय, चौकटीत न मावलेला मजकूर, हरवलेले चित्र, पारदर्शकता अशा चुका दाखवतो. त्याची मूळ मर्यादा १४४ पीपीआय आहे. आर्ट पेपरसाठी ती फार सैल आहे. 'प्रेफरन्सेस'च्या खिडकीत जाऊन २५० करा. सवयीने 'इग्नोर एरर्स' दाबू नका, ओसंडलेल्या मजकुराची चूक त्यातच असते आणि लेखाचा शेवटचा परिच्छेद छापलाच जात नाही.

एकरंगी पुस्तकात रंगीत फोटो राहून गेला तर चार प्लेटची पीडीएफ तयार होते आणि सीटीपीवाला फोन करतो, किंवा करत नाही. फोटो आधीच गिंप या चित्रसंपादकात ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटांचा) करा. एक्स्पोर्टमध्ये 'आउटपुट'साठी 'ग्रेस्केल' निवडण्याची सोयही आहे.

पीडीएफ

प्रेसने वेगळे सांगितले नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए द्या. त्यात सगळे सीएमवायके आणि स्पॉटमध्येच असते, फाँट आत असतात, पारदर्शकता नसते. सावल्या आणि पारदर्शक चित्रे जास्त असतील आणि प्रेसचे यंत्र नवे असेल तर एक्स-४. एक्स प्रकार निवडल्यावर 'इन्फो स्ट्रिंग' ही चौकट भरावीच लागते. रिकामी असेल तर 'सेव्ह'चे बटण मंद राहते आणि लोक सॉफ्टवेअर अडकले म्हणून बंद करतात. पुस्तकाचे नाव टाका, पुढे जा.

'सगळे कर्व्ह करून पाठवा' हे कोरलड्रॉच्या काळातले मागणे अजून येते. स्क्रायबस फाँट टॅबमध्ये अक्षरांची बाह्यरेषा करून देऊ शकते. मुखपृष्ठाला करा, हरकत नाही. आतल्या दोनशे पानांना करू नका. फाइल फुगते आणि ऐन वेळी एक वेलांटी दुरुस्त करायची म्हटली तरी मूळ फाइलकडे परतावे लागते.

आयएसबीएनचा बारकोड 'इन्सर्ट'मधून थेट बनतो. तो नुसत्या काळ्यात, पांढऱ्या चौकटीत, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून ठेवा. लाल रंगात कधीच नको, स्कॅनरच्या लाल उजेडाला लाल पट्ट्या दिसतच नाहीत.

कुठे अडते

मजकुराच्या एकमेकांना जोडलेल्या चौकटी वाढल्या की स्क्रायबस मंदावते. शंभर पाने एका साखळीत असतील तर सुरुवातीचा एक शब्द बदलल्यावर थांबावे लागते. दर प्रकरणाची वेगळी फाइल करा, पानक्रमांकाची सुरुवात प्रत्येकीत ठरवून द्या. तळटीपा आहेत, पण पान बदलले की सरकतात. अशा पुस्तकाचा मजकूर दुसरीकडे लावावा. तक्त्यांची सोय कच्ची आहे, पाच-सहा ओळींपलीकडे जाऊ नका. इनडिझाइनची मूळ फाइल उघडत नाही, तिथून देवाणघेवाणीसाठी काढलेली आयडीएमएल फाइल उघडते, पण मांडणी हाताने जुळवावी लागते. पेजमेकर आणि कोरलच्या फाइली आत घेता येतात, मात्र जुन्या फाँटमधले मराठी त्यात वाचण्याजोगे राहत नाही.

१.७ क्रमांकाची मालिका विकासासाठी आहे, तिच्यात चालू अंक लावू नका. १.६ मध्ये जतन केलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, म्हणून मुद्रितशोधक, मांडणीकार आणि संपादक यांच्या संगणकांवर एकच आवृत्ती असावी.

काम संपले की 'कलेक्ट फॉर आउटपुट' वापरा. फाइल, चित्रे, फाँट आणि प्रोफाइल एका फोल्डरात गोळा होतात. फाँट आणि प्रोफाइलच्या दोन्ही चौकटींत टिक करावी लागते. पीडीएफबरोबर हा फोल्डरही जपून ठेवा. तीन वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना चुका दुरुस्त करायच्या असतील तर पीडीएफचा उपयोग नसतो, हा फोल्डर लागतो.